हिरव्या लुगड्याची झूल

२ ऑगस्ट, शनिवार

बचत गटाच्या म्याडम म्हणल्या, विमलताई, सचिव झाल्या तर अक्षर सुधरवा, रोज चार ओळी लिवत जा. ही डायरी माझ्या पोराले, कपिलले, बियाण्याच्या दुकानातून फुकट भेटलती, कोरीच पडून होती. मी चौथी शिकली. चुका झाल्या तर झाल्या. कोणाले दाखवाची नाही. झाल्या चार ओळी.

४ ऑगस्ट, सोमवार

खुशीचा फोन आलता. माझी नात सात वर्षांची, पण फोनवर तहसीलदारणीसारखी बोलते.

"आजी, तान्ह्या पोळ्याले मले बैल पाहिजे. इथं सगळ्याइजवळ लाकडाचा हाये, चाकाचा."

म्हणलं, "पोळा कुठं करशील? आर्णीत का आपल्या गावात?"

म्हणे, आईले विचारून सांगते. अन् फोन ठेवला.

प्रणाली मे महिन्यात सुट्टीले म्हणून माहेरी गेली ते गेलीच. शाळा लागली तरी आली नाही, खुशीचं नावबी आर्णीतच टाकलं. कपिलले फोन केला तर तो चाकणहून म्हणते, आई, तुमचं तुम्ही पाहा, माझी शिफ्ट हाये. माझं सुनेसोबत काही भांडण नाही. मी एकच गोष्ट बोलली, अन् ते खरी होती.

आमचे मालक म्हणतात, पुसदच्या बाजारातून लाकडाचा नंदी आणून देतो. मी म्हणलं काही गरज नाही. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं आपापले बैल घेऊन मारुतीच्या पारावर जातात, तिथं साऱ्याइचे बैल एकाच दुकानातले. माझ्या नातीचा घरचा राहीन. घरात काय कमी हाये? चिंध्या, काड्या, सुतळी, सगळं हाये. अन् घरी बैल झाला तर पोरगी तो घ्याले इथंच येईन. आर्णीले मी पाठवणार नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

मातीचा बैल केला. वावराच्या धुऱ्यावरची काळी माती आणली, चाळली, त्यात थोडं भुस्कट मळलं. दोन घंटे गेले. शेजारची गौहर भाभी शिलाई मशीन सोडून पाहाले आली.

"विमलबाई, ये बैल है? मेरेको तो गाभण बकरी दिखरी."

म्हणलं, तू तुझे ब्लाऊज शिव.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. कोणी आलं नाही, मीबी गेली नाही.

बैलाले भेगा पडल्या. पाणी लावून बुजवल्या तर दुसरीकडं पडल्या. संध्याकाळी मागचा पाय गळून पडला. काळी माती कापसाले चांगली, बैलाले नाही. हे मले माहीत असाले पाहिजे होतं, सारा जन्म तिच्यातच गेला. उचलला अन् उकिरड्यावर फेकला.

११ ऑगस्ट, सोमवार

आता पऱ्हाटीचा करून राह्यली. मागच्या सालच्या कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या चुलीसाठी ठेवल्याच हायेत. चार सरळ पाहून पाय केले, सुतळीनं आवळले, वरून जुन्या गादीतला कापूस लपेटला. मालकाचं एक धोतर मधात फाटलंच होतं, ते कातडं म्हणून शिवलं. बैल पांढरा झाला, मस्त दिसते. शिंगं तारेची, त्याले चिंधी गुंडाळली. एक शिंग जरा आखूड झालं. गोठ्यातल्या पाखऱ्याचंबी आखूड हाये, कोण हासते त्याले?

चाकं चपलेच्या तळव्याची कापली. आम्ही लहानपणी अशीच करत होतो. कापताना बोट कापलं. मालक आंगणात दोन फेऱ्या मारून विचारतात, "माझी दुसरी चप्पल पाह्यली काय वं?"

"कुत्र्यानं नेली असन."

"अन् कुत्र्यानंच तुले बैलाची चाकंबी कापून देल्ली काय?"

हासले. लय दिवसानं हासले ते घरात.

१३ ऑगस्ट, बुधवार

झुलीसाठी कपडा पाहिजे होता. माझ्याकडचं सगळं नायलॉनचं, टाका धरत नाही. प्रणालीची पेटी उघडली. तिच्या साऱ्या साड्या चकाचक, त्याले हात लावला नाही, एवढी अक्कल मले हाये. पण सगळ्याच्या खाली टॉवेलात बांधलेलं एक हिरवं लुगडं भेटलं. लाल काठाचं. धुवून धुवून सायीसारखं मऊ झालेलं, दोन जागी विरलेलं. असं फाटकं कायले पेटीत ठेवते म्हणलं बापा. आमच्या घरी लुगडं इतकं मऊ झालं की ते गोधडीत जाते, नाही तर बैलाच्या अंगावर.

कापलं. काठाकाठानं एक पट्टा झुलीले, दोन पट्टे गोंड्याले, एक तुकडा पोटाखाली. काय सुंदर दिसते! पांढऱ्यावर हिरवं. हातानंच टाके घातले. माझा टाका लांब पडते, पण पक्का.

१४ ऑगस्ट, गुरुवार

बैल घेऊन गौहरकडं गेली, म्हणलं झुलीची कड मशीनवर मारून दे. तिनं झूल हातात घेतली अन् पायडलवरचा पायच काढला.

"ये कपडा कहांसे लाया?"

"पेटीतून. काहून?"

"विमलबाई, ये उसके माँ का है. मरी उस दिन अंगपर था." मंग मराठीत बोलली, मले नीट समजावं म्हणून. "होळीच्या टायमाले प्रणाली माझ्याकडं घेऊन आलती. म्हणे भाभी, बाळाले दुपटी करून द्या याची. मी म्हणलं, अभी नको. सातवा लागू दे, आधी शिवत नाही."

सातवा लागलाच नाही. एप्रिलमध्येच झालं सारं.

मी म्हणलं, मले कोणी सांगतलं होतं काय?

गौहरनं कड मारून देल्ली.  ते चूप राहते तेव्हा मले जास्त राग येते.

१६ ऑगस्ट, शनिवार

काल लिवलं नाही.

आज लिवते, कारण कोणाजवळ बोलाची सोय नाही. प्रणालीले साडेचार महिने गेलते, तेव्हा लेकरू पोटातच गेलं. यवतमाळच्या दवाखान्यातून आणली, मी तिले शिरा करून खाऊ घातला, पाय चेपले, दोन दिवस काही काम सांगतलं नाही. तिसऱ्या दिवशीबी भिताडाकडं तोंड करून निजून. मी म्हणलं, "उठ. निजल्यानं लेकरू वापस येत नाही. माझे दोन गेले, तिसऱ्या दिवशी मी वावरात निंदाले गेलती."

खोटं बोलली काय? एक कपिलच्या आधी गेलं, एक नंतर. सासूनं हातात खुरपं देल्लं अन् म्हणली चाल. गेली. काही झालं काय मले? उलट हात चालत राह्यला तर डोकं चालत नाही. मी तिच्या भल्यासाठी बोलली.

ते उठली. भांडे घासले. त्या दिवसापासून हो-नाहीच्या पुढं माझ्याशी बोलली नाही. मंग तिचा भाऊ आला न्याले.

बैलाले बटणाचे डोळे लावले, खुशीच्या जुन्या फ्रॉकचे. बैल माझ्याकडंच पाहून राह्यला म्हणून तोंड फिरवून कोनाड्यात ठेवला.

१८ ऑगस्ट, सोमवार

खुशीचा फोन. आधी बैलाचं विचारलं. म्हणलं झाला. किती मोठा? मांजरीएवढा. शिंगं हायेत? हायेत. लय खूश झाली. मंग मागून कोणीतरी हळूच काही बोललं अन् खुशी म्हणे, "आजी, आई म्हणते तिच्या पेटीत टॉवेलात नानीचं हिरवं लुगडं हाये, ते काढून ठेव. मामा पोळ्यानंतर येईन, पेटीच घेऊन जाईन."

पेटीच.

मले वाटलं होतं दिवाळीपर्यंत राग उतरन. पेटी नेली म्हंजे माणूस येत नाही. लग्नात तिच्या बापानं देल्लेली पेटी हाये ते.

"आजी, हॅलो? ऐकू येते काय?"

"येते," म्हणलं. "ठेवते काढून."

१९ ऑगस्ट, मंगळवार

गौहरले विचारलं, उंदरानं कुरतडलं म्हणून सांगू काय?

"सांगो ना. उंदीर के हात में कैंची थी, काठाकाठानं सरळ कापत गेला."

म्हणलं, तसंच हिरवं पुसदच्या बाजारात भेटलं तर? चार वेळा धुतलं, दगडावर आपटलं तर मऊ होईन.

"वो उसके माँ का है. वास येतो ना तिचा त्याले. वास कुठं घ्याल इकत?"

ही बाई मदत करत नाही, निस्ती मशीन चालवते.

मंग मले वाटलं झूल उसवून पट्टे परत जोडून पाहावे. अर्धी उसवली. जोडलेलं असं दिसे जसं ऑपरेशन झालेलं पोट. परत झूलच शिवली. दिवसभर हेच. वावरात गेली नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आज खांदशेकणी. उद्या पोळा. मालकानं पाखऱ्याले अन् लाल्याले नाल्यावर धुवून आणलं. मी हळद अन् लोणी कोमट केलं, मालकानं पळसाच्या पानानं त्याइचे खांदे शेकले. सालभर जू ओढून खांद्याले घट्टे पडतात. मंग रिवाजापरमाणं मी पुढं झाली, दोघाइच्या कानाशी गेली अन् म्हणलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

लाल्यानं कान हालवला. मालक पान फेकून म्हणतात, "काय वं, हे बैल कोणाचे?"

"कोणाचे म्हंजे? आपले."

"राह्यतात कुठं?"

"गोठ्यात. काय विचारून राह्यले?"

"काही नाही. घरच्या बैलाले दर साली आवतण देते. मी तीस साल पाहून राह्यलो. कधी म्हणली नाही का यायचं असन तर यीन आपल्या पायानं."

मी हात धुवाले निघून गेली. हा माणूस सालभर बोलत नाही, मंग असं एक बोलते. मे महिन्यापासून मी हेच म्हणून राह्यली होती सगळ्याले. आपलं घर हाये तिचं, आपल्या घरी याले कोणी आवतण देते काय?

सकाळी पहिल्या बसनं आर्णीले जाते. दुपारच्या आत वापस येईन, बैलाची आरती करा लागते. पुरण आताच शिजवून ठेवलं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

बैल नायलॉनच्या थैलीत ठेवला, शिंगं बाहेर. उरलेलं लुगडं वेगळं बांधून घेतलं, बारीक चिंधीबी सोडली नाही. कंडक्टर म्हणते, "बाई, बैलाचं तिकीट काढा."

म्हणलं, "तिकीट कायचं, पाच वर्षांच्या आतला हाये." सारी बस हासली. मले हासू येत नव्हतं.

दार प्रणालीनंच उघडलं. बारीक झाली. खुशीनं थैलीतून बैल ओढला, ओरडली, अन् तशीच बाहेर पळाली दाखवाले. प्रणालीनं तिले हाक मारली, बैल घेतला हातात. झुलीवर बोट फिरवलं. काठावर थांबलं.

"हे माझ्या आईचं हाये."

मी बसमध्ये लय काही जुळवून नेलं होतं, एकबी आठवलं नाही. म्हणलं, "हो. मी कापलं. उंदरानं नाही, मीच. पेटी उघडली, तुले न विचारता कापलं. मले वाटलं जुनं हाये."

"जुनंच हाये," ते म्हणे.

मी गाठोडं सोडलं. तिनं खाली बसून एकेक तुकडा उलगडला, फरशीवर जागच्या जागी ठेवला, जसं कापाच्या आधी होतं तसं. मधात झुलीएवढी जागा राह्यली. पदर पुरा होता. खुशी बैल घेऊन परत पळाली. आता घरात आम्ही दोघीच.

"याच्यात गुंडाळणार होती मी त्याले."

"मले माहीत नव्हतं."

"तुम्ही विचारलं कधी, आत्याबाई?"

"नाही."

 बाहेर खुशी सांगून राह्यलती कोणाले, आजीनं केला, आजीनं. मी काहून बोलली मले माहीत नाही. मी म्हणलं, "माझ्या पहिल्याले मी पाह्यलंच नाही. सासूनं पाहू देल्लं नाही, परस्पर वावरात घेऊन गेली. पोरगा होता का पोरगी, अजून माहीत नाही. दुसरी पोरगी होती. सहाव्या महिन्यातच झाली, गेलेलीच. तिले मी पाह्यलं. ते फडक्यातबी नव्हती, रद्दीच्या कागदात होती."

हे मी मालकालेबी कधी सांगतलं नाही. कोणी विचारलंबी नाही.

प्रणालीनं तोंड वर केलं नाही. तुकड्यावर हात फिरवत राह्यली. मी उठली. बसचा टाइम झालता.

"उद्या तान्हा पोळा हाये," म्हणलं. "आवतण द्याले आली मी. तुम्ही दोघी जेवाले या. पेटी न्याची असन तरीबी या, मी अडवत नाही. पण जेवून जा."

ते म्हणे, "चहा घ्या." चहा घेतला. हो म्हणली नाही, नाही म्हणली नाही.

चुकलं माझं, हे म्हणाले गेलती मी. बस आर्णीच्या बाहेर निघाली तेव्हा ध्यानात आलं का तेच राह्यलं.

बैलाची आरती झाली. पाखऱ्यानं पुरणपोळी खाल्ली, लाल्यानं अर्धी माझ्या लुगड्यावर टाकली.

२३ ऑगस्ट, शनिवार. तान्हा पोळा

सकाळपासून तीन वेळा रस्त्यावर जाऊन आली. मालक म्हणतात बस साडेअकराची हाये, तू आठपासून काहून उभी? म्हणलं, मी उभी नाही, झाडून राह्यली.

बसनं नाही आल्या. प्रणालीच्या भावाच्या गाडीवर आल्या दोन वाजता. आधी खुशी उतरली बैल पोटाशी धरून, मंग प्रणाली. भाऊ म्हणे पेटी... प्रणाली म्हणे, "तू चहा पी अन् जा, दादा."

बैल पाह्यला. झूल परत शिवलेली. माझे लांब टाके काढून बारीक टाके घातले होते, गोंडे नीट केले होते, अन् आखूड शिंगाच्या शेंड्याले चिंधीचा एक फेरा जास्त. आता दोन्ही शिंगं सारखी.   आम्ही दोघींनी पोळ्या लाटल्या.

पारावर चाळीस-पन्नास बैल. एकाले तर लाईट लागत होते, नंबर त्यालेच भेटला. आमच्या बैलाचं चपलेचं चाक दोनदा निघालं. एक पोरगं म्हणे, "हा बैल हाये का उशी?" खुशी म्हणे, "तुझ्या बैलाच्या पोटात काय हाये सांग? माझ्याच्या पोटात कापूस हाये, घरचा." मंग घरोघरी फिरली. बिस्कुटं, चॉकलेट, गौहरच्या घरचे शेवयाचे लाडू. गौहरनं बैलाच्या कपाळाले कुंकू नाही लावलं, मुका घेतला.

मी प्रणालीले म्हणलं, चुकलं माझं. ते पाणी भरून राह्यलती, नळ जोरात होता. ऐकू गेलं का नाही माहीत नाही. परत म्हणणं मले जमलं नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

खुशीची उद्या शाळा, म्हणून संध्याकाळच्या बसनं जाणार. प्रणाली सकाळी म्हणे, "दिवाळीले येतो राहाले. पेटी इथंच राहू द्या." मी म्हणलं बरं. मालक एकदम उठून गोठ्यात गेले, काही काम नसताना.

जेवणं झाल्यावर मी भांडे काढून राह्यली तर ते म्हणे, "आत्याबाई, वावर दाखवा."

"वावर तू पाह्यलं हाये."

"ते नाही. ते जागा दाखवा."

मले समजलं. हात पुसले अन् निघाली. खुशीले मालकाजवळ ठेवलं.

माझे दोन्ही लेकरं एकाच ठिकाणी हायेत, खालच्या धुऱ्यावर. सासूनं पहिल्याले नेलं तेव्हा मी खिडकीतून पाह्यलं होतं कुठं वळते ते. तिथं निंब होता, बोअर मारताना तोडला. आता काही खूण नाही, सोयाबीन कमरेपर्यंत हाये अन् धुऱ्यावर गवत. पण मले जागा चुकत नाही. इतके सालं झाले, तिथून जाताना मी पाय जरा बाजूनं टाकते. डोक्यावर भारा असला तरीबी. निंदणाऱ्या बायकांच्या ध्यानात कधी आलं नाही.

प्रणालीनं चपला काढल्या. मीबी काढल्या. उभ्या राह्यलो. तुडतुडे अंगावर येत होते. मी एरवी म्हणली असती चाल, काम पडलं हाये. म्हणली नाही.

मंग प्रणाली म्हणे, "माझ्या त्याचं मी नाव ठेवलं होतं. कोणाले सांगतलं नाही."

मी मान हालवली.

"तुमच्या पोरीचं?"

"नाव कोण ठेवते अशाचं," म्हणलं. मंग म्हणलं, "पोटात होती तेव्हा मनातल्या मनात हाक मारत होती मी एका नावानं."

"कोणत्या?"

सांगतलं तिले. इथं लिवत नाही.